पहिला मसुदा आणि छापलेली बातमी

चि. ताईस,


संज्ञापनाच्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वर्तमानपत्र, वाहिनी, रेडिओ केंद्र, जाहिरात किंवा जनसंपर्क संस्था अशा ठिकाणी ठरावीक मुदत काम करायचे आणि त्या कामाचे श्रेयांक विद्यापीठाने द्यायचे, या व्यवस्थेला इंटर्नशिप म्हणतात. सरकारी मराठीत तिला ‘आंतरवासिता’ हा शब्द आहे. तो वैद्यकीय शिक्षणात शोभतो, कारण तिथे एमबीबीएसच्या अखेरच्या परीक्षेनंतरचे वर्ष रुग्णालयातच काढावे लागते. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याचा वास असा कुठेच ‘आत’ नसतो. तो सकाळी लेक्चरला, दुपारी लोकलमध्ये आणि संध्याकाळी डेस्कवर असतो, तेही जो कोणी रजेवर असेल त्याच्या खुर्चीत. मराठीतला जुना ‘उमेदवारी’ हा शब्द त्यापेक्षा नेमका आहे. पुढेमागे चिकटता येईल या आशेवर कचेरीत बिनपगारी खर्डेघाशी करणारा तो उमेदवार. हा शब्द पुढे निवडणुकांनी पळवला, पण त्यातली आशा आणि बिनपगारीपणा दोन्ही इंटर्नशिपमध्ये शाबूत आहेत.

काम आणि शिक्षण यांची आलटूनपालटून सांगड घालण्याचा प्रयोग १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात सुरू झाला, पण तो अभियांत्रिकीचा होता. पत्रकारितेने वेगळी वाट धरली. १९०८ मध्ये मिसूरी विद्यापीठात पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय उघडले आणि ज्या दिवशी वर्ग भरले त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंकही निघाला. विद्यार्थ्याला कचेरीत धाडण्याऐवजी तिथे कचेरीच विद्यापीठात आणली गेली. पुढे १९५३ मध्ये त्याच विद्यापीठाने व्यावसायिक दूरचित्रवाणी केंद्रही सुरू केले. वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतःचे रुग्णालय लागते, तसाच हा विचार होता. शिकवणारा आणि काम करवून घेणारा माणूस एकच असल्यामुळे विद्यार्थ्याच्या चुकीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले, तर रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जाणारा पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा. स्वतःचे दैनिक चालवणे अशा विभागांना परवडणारे नव्हते. त्याऐवजी शिकवायला नोकरीतले पत्रकार येत आणि त्यांच्या ओळखीने विद्यार्थी कचेऱ्यांत शिरत. वर्ग लहान होते तोवर हे चालले. २००० च्या सुमारास मुंबई विद्यापीठाने जनमाध्यमांचा बीएमएम हा पदवी अभ्यासक्रम आणला (२०१९ पासून त्याचे नाव बीएएमएमसी झाले), महाविद्यालयांमागून महाविद्यालयांनी तो घेतला आणि दरवर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना ओळखीपाळखी पुरेनाशा झाल्या.

सध्याची चौकट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आली. त्यानुसार राज्यात २०२३ मध्ये जो आराखडा ठरला, त्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ किंवा क्षेत्रीय प्रकल्प यांना ४ श्रेयांक आहेत आणि पदवीलाही तिसऱ्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंग आहे. महाविद्यालयांत याला सरसकट ‘ओजेटी’ म्हणतात. इंटर्नशिपचा एक श्रेयांक म्हणजे किमान ३० तास, तेव्हा चार श्रेयांकांचे १२० तास होतात. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस. पंधरा दिवसांत नवख्याला कचेरीतला चहावाला ओळखू लागतो, वृत्तसंपादक नव्हे. म्हणून हे तास सलग न घेता रोज चार तास याप्रमाणे दीड महिना पसरवणे केव्हाही चांगले. एकाच सार्वजनिक प्रश्नाच्या दोन-तीन बातम्या मागोमाग पाहायला मिळाल्या, तरच पाठपुरावा म्हणजे काय ते कळते.

वेळापत्रकाचा खरा अडसर मात्र तासांचा नाही, घड्याळाचा आहे. महाविद्यालय सकाळी भरते, तर दैनिकाचे डेस्क दुपारी चारनंतर जागे होते आणि पान सुटते रात्री उशिरा. शिकण्यासारखे जे असते ते पान लागताना घडते. कोणती बातमी वर गेली, कोणती पडली, मथळा तिसऱ्यांदा का बदलला, हे सगळे रात्री नऊनंतरचे. वसतिगृहाचे दार त्याच सुमारास बंद होते. परिणामी मुलींच्या वाट्याला दुपारच्या प्रेस नोटा येतात आणि रात्रीचे पान शेवटपर्यंत ऐकीव राहते. वसतिगृहासाठी विभागाच्या सही-शिक्क्याचे पत्र आणि परतीच्या प्रवासाची लेखी सोय, या दोन क्षुल्लक वाटणाऱ्या कागदांवर अर्ध्या वर्गाचे शिक्षण अडलेले असते.

कामाचे स्वरूप जागेगणिक बदलते. दैनिकात इंटर्नला आधी प्रेस नोटांच्या बातम्या करायला देतात. हे काम कंटाळवाणे म्हणून बदनाम आहे, पण तीन पानांच्या पत्रकातून ‘मान्यवरांच्या शुभहस्ते’ वगैरे वगळून सहा ओळी काढता येणे ही खरी पायरी आहे. वाहिनीवर असाइनमेंट डेस्कवरचे फोन, रशेस (कच्चे चित्रीकरण) पाहून टाइमकोडसह नोंदी करणे, बाईट आणणे ही कामे असतात. तिथे पाहायला पुष्कळ मिळते, लिहायला कमी. जनसंपर्क संस्थेत पत्रकारांच्या याद्या अद्ययावत करणे आणि कोणत्या अंकात ग्राहकाचे नाव आले याची कात्रणे लावणे यातच महिना निघून जाऊ शकतो. पत्रक कोणत्या कारणाने लिहिले जाते हे समजावून देणारा माणूस तिथे भेटला तर ठीक, नाहीतर तो निव्वळ कारकुनीचा महिना. जाहिरात संस्थेचेही थोडेफार तसेच.

मुंबई-पुण्याबाहेरच्या विभागांना वाटते की आपल्याकडे जागाच नाहीत. तसे नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचे जिल्हा माहिती कार्यालय असते. सरकारी बातमी कशी तयार होते आणि ती वर्तमानपत्रात जाईपर्यंत तिचे काय होते, हे पाहायला त्याहून चांगली जागा नाही. जिल्हा आवृत्त्यांच्या कचेऱ्यांत माणसे मोजकी, त्यामुळे इंटर्नला पहिल्याच आठवड्यात बाहेर पाठवतात. महानगरात त्याला महिनाभर वाट पाहावी लागते. पुणे विद्यापीठाच्या ‘विद्यावाणी’सारखी कॅम्पस रेडिओ केंद्रे ही तर मिसूरीच्या वाटेचीच छोटी रूपे म्हणावी लागतील. आणि एक जागा कोणाच्या यादीतच नसते, ती दिवाळी अंकाची. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये ही प्रथा सुरू केली. आजही पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत कितीतरी लहानमोठ्या अंकांचे काम दोन-तीन माणसांच्या जिवावर चालते. लेखकाला आठवण करणे, मुद्रिते तपासणे, जाहिरातीची मापे सांभाळणे, छापखान्याची तारीख गाठणे, अशी एका प्रकाशनाची सगळी साखळी एका विद्यार्थ्याच्या नजरेखालून जाते. मोठ्या दैनिकात वर्षभर राहूनही ती दिसत नाही.

पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली नोंदलेल्या शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. श्रेयांकासाठी येणारा इंटर्न सहसा या कायद्याखाली नोंदलेला नसतो. २०२४ मध्ये आलेल्या दोन सरकारी योजनांमुळे गोंधळ वाढला. केंद्राच्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत २१ ते २४ वयाच्या उमेदवाराला बारा महिने दरमहा ५,००० रुपये ठरले. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. पण या योजना शिक्षण पूर्ण झालेल्यांसाठी आहेत. पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग नाही, आणि पालकांना हे प्रवेशाच्या वेळीच सांगितलेले बरे. बिनपगारी इंटर्नशिप ज्याला घरून जेवणखाण आणि पास मिळतो त्यालाच परवडते. लातूरहून मुंबईला जाणाऱ्याला दीड महिन्याचे भाडे भरावे लागते. ज्या विभागांकडे थोडा निधी आहे त्यांनी तो समारंभाऐवजी या प्रवासभत्त्यावर खर्च करावा.

बिनपगारी काम आणि शिक्षण यांच्यातली सीमा कुठे, हा वाद अमेरिकेत एका चित्रपटावरून न्यायालयात गेला. ‘ब्लॅक स्वान’च्या निर्मितीत बिनपगारी काम केलेल्या इंटर्नांनी २०११ मध्ये दावा लावला. २०१३ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना कर्मचारी ठरवले; २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला आणि मुख्य लाभ कोणाला होतो हे पाहायला सांगितले. त्यासाठी न्यायालयाने सात कसोट्या दिल्या. काम अभ्यासक्रमाशी जोडलेले आहे का, ते शैक्षणिक वेळापत्रक सांभाळते का, मुदत शिकण्यापुरतीच आहे का, आणि इंटर्न पगारी माणसाच्या कामाला हातभार लावतो की त्याची जागाच घेतो, हे त्यातले काही प्रश्न. आपल्याकडे असा निकाल नाही, तरी विभाग आणि संस्था यांच्यातला सामंजस्य करार लिहिताना हेच प्रश्न पुढ्यात ठेवायला हरकत नाही. शेवटचा तर आधी विचारावा. एखाद्या कचेरीत उपसंपादकाची जागा रिकामी आहे आणि दर सत्राला तिथे नवा इंटर्न येऊन बसतो, असे दिसले की उत्तर मिळालेच.

एका बाबतीत आपला कायदा स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचारी या शब्दाच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी येतात, आणि मोबदला घेऊन वा न घेता काम करणारेही. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. समितीच्या अध्यक्षांचे नाव आणि फोन नंबर इंटर्नला पहिल्या दिवशीच मिळावा, हे करारातच लिहून घ्यावे. ‘आमच्याकडे असले काही होत नाही’ हे उत्तर मिळाले तर तिथे विद्यार्थी पाठवू नये.

आता मूल्यमापन. इथेच बहुतेक योजना पोकळ निघतात. रिवाज असा, की विद्यार्थी हजेरीचा तक्ता, रोजची डायरी आणि लेटरहेडवरचे सर्टिफिकेट आणतो, तोंडी परीक्षेत ‘काय शिकलात’ या प्रश्नाला ‘टीमवर्क’ असे उत्तर देतो आणि गुण घेऊन जातो. डायरी तर शेवटच्या रात्री एकाच पेनाने लिहिलेली असते, ते शाईवरून कळते. तास मोजणे सोपे म्हणून तास मोजले जातात. इंटर्नने लिहिलेले कोणी वाचले का, खोडले का, आणि का खोडले ते सांगितले का, हे कुठेच मोजले जात नाही. वास्तविक कचेरीत शिकवणे म्हणतात ते एवढेच असते. उपसंपादकाने बातमीचा शेवटचा परिच्छेद उचलून पहिला केला, आणि तो का केला ते विद्यार्थ्याला उमगले, की महिन्याच्या लेक्चरांचे काम पाच मिनिटांत होते.

इंग्रजी दैनिकात इंटर्नला कधीतरी बायलाईन मिळते आणि तोच पुरावा होतो. मराठी दैनिकांत बातमी बहुधा ‘प्रतिनिधी’ किंवा ‘वार्ताहर’ या नावाने जाते, त्यामुळे सहा आठवड्यांच्या कामाचा विद्यार्थ्यापाशी मागमूस उरत नाही. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक कामाचा पहिला मसुदा, म्हणजे दुसऱ्या कोणाचा हात लागण्यापूर्वीचा, विद्यार्थ्याने जपावा आणि त्याशेजारी छापलेले कात्रण किंवा प्रसारित झालेली संहिता लावावी. अशा दहा जोड्या म्हणजे प्रकल्पवही. छापली न गेलेली बातमीही चालेल; न छापण्याचे कारण विचारून लिहावे. तोंडी परीक्षेत परीक्षकाने फक्त दोन्ही कागद समोर ठेवावेत आणि काय बदलले, कशासाठी बदलले, आणि विद्यार्थ्याला ते पटले का, एवढे विचारावे. न पटणेही मान्य असावे. मसुदा आणि कात्रण शब्दशः सारखे निघाले तर एकतर विद्यार्थी असामान्य आहे, नाहीतर ते कोणी वाचलेच नाही. दुसरी शक्यता जास्त. वाहिनीवरच्या विद्यार्थ्याने संहितेचे दोन खर्डे लावावेत, जनसंपर्कातल्याने पत्रकाचे. अंतर्गत पत्रक बाहेर दाखवण्यास संस्थेची हरकत असेल तर ग्राहकाचे नाव झाकावे.

या पद्धतीने संस्थेचीही परीक्षा आपोआप होते. जिथून सलग दोन वर्षे एकही बदल नसलेल्या वह्या येतात, त्या संस्थेचे नाव कितीही मोठे असले तरी ती यादीतून काढावी. जिथे एखादा उपसंपादक दर संध्याकाळी दहा मिनिटे इंटर्नला घेऊन बसतो, ती कचेरी जिन्याखालची असली तरी पहिल्या क्रमांकावर ठेवावी. आणि अशा माणसाला विभागाने बाह्य परीक्षक म्हणून बोलवावे, मानधनासह.

बाकी कागद थोडेच. संस्थेला जाणाऱ्या विनंतीपत्रात विद्यार्थ्याचा बायोडेटा नव्हे, त्याने लिहिलेल्या दोन बातम्या जोडाव्यात. मार्गदर्शकाचे नाव ‘संपादक विभाग’ असे मोघम न घेता माणसाचे घ्यावे. तिसऱ्या आठवड्यात विभागातल्या शिक्षकाने कचेरीत प्रत्यक्ष जाऊन यावे, शक्यतो संध्याकाळी सातनंतर, आणि विद्यार्थी कुठे बसतो ते पाहावे. दुसऱ्या सत्रासाठीची पत्रे ऑक्टोबरातच गेलेली बरी, कारण डिसेंबरात नागपूरचे अधिवेशन सुरू झाले की वृत्तसंपादक फोन उचलत नाहीत. करारनाम्याचा एक जुना नमुना सोबत पाठवला आहे; त्यातले चौथे कलम खोडून अंतर्गत समितीच्या फोन नंबरचे नवे घालावे.

तुझा,
काका