दोष बियांचा नव्हता

चिकमगळूरच्या चांगल्या अरेबिकाला मी 'आंबट' म्हणून नावं ठेवली आहेत. कॉफी बिघडली की दोष आधी बियांचा, मग पाण्याचा, मग दूधवाल्याचा. दळणाकडे माझं लक्षच नव्हतं.

माटुंग्याच्या दुकानात दळणारा विचारायचा, "फिल्टरसाठी ना?" मी सवयीनं मान डोलवायचे. ती पूड बारीक, दाक्षिणात्य फिल्टरसाठी: वरच्या भांड्यात हलकेच दाबून त्यावर कढत पाणी ओतायचं, डिकॉक्शन थेंबथेंब उतरतं. मी तीच फ्रेंच प्रेसमध्ये घातली. चार मिनिटांनी दट्ट्या दाबला तर हलेना. जोर लावला, तशी कडेनं कॉफी उसळली ती ओट्यावर, मनगटावर आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर. कपात उतरली ती कडूजहर, तळाशी गाळ. प्रेसची जाळी भरड अडवते, पिठी नाही. भांडं घेताना हे कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

मग उलट टोक गाठलं. फिल्टरमध्येही भरड. पाणी बघता बघता खाली, आणि डिकॉक्शन कसलं, पातळ चहाच!

तेव्हा कुठे वाचायला बसले. कण बारीक तेवढा पाण्याला भिडणारा पृष्ठभाग जास्त, अर्क भराभर सुटतो. आंबटपणा आधी उतरतो, कडवटपणा मागाहून. एस्प्रेसोत नऊ बारच्या दाबानं पाणी अर्ध्या मिनिटात पार होतं, म्हणून तिथे बारीक पूड लागते. प्रेसमध्ये कॉफी निवांत मुरते, तिथे भरडच हवी.

हे वाचूनही मोका पॉटमध्ये मी बारीक पूड चमच्यानं ठासली. वर थेंब येईना आणि खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ फुसफुसायला लागली. गॅस बंद करून मी लांब उभी! त्या भांड्याचा दाब जेमतेम एक-दोन बार. पूड एस्प्रेसोपेक्षा किंचित जाड घ्यायची आणि अजिबात दाबायची नाही.

घरी दळायची हौस मिक्सरवर भागवली. पाती दाणे नुसते तोडतात: तळाशी पिठी, वर अर्धे दाणे. कप एकाच वेळी कडू आणि आंबट. शेवटी हातानं फिरवायचा, दाणे एकसारखे दळणारा बर ग्राइंडर घेतला. कॉफी आंबट लागली की एक क्लिक बारीक, कडू लागली की एक क्लिक जाड, बाकी सगळं तेच ठेवायचं. सकाळी आठ-बाराची लोकल असते तेव्हा मात्र मी निमूट इन्स्टंट पिते.