गप्प उभी राहिलेली मुले

माझी भाची न्यू जर्सीत वाढली. तिकडच्या हायस्कूलमध्ये तिने 'गव्हर्न्मेंट अँड पॉलिटिक्स' हा विषय घेतला. 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीवर शिकवला जाणारा हा अभ्यासक्रम. सगळीच मुले तो घेत नाहीत. आपल्या नागरिकशास्त्राचाच तो थोरला भाऊ. उर्दू माध्यमात आम्ही त्याला 'शहरियत' म्हणतो. मी तोच विषय शिकवते, म्हणून तिच्याकडून अभ्यासक्रम मागवून घेतला.

पाठांतर तिकडेही आहे. सिनेटचे सभासद 100, प्रतिनिधिगृहाचे 435, राष्ट्राध्यक्षाची मुदत 4 वर्षे. पण त्याबरोबर 9 मूळ दस्तऐवज आणि सर्वोच्च न्यायालयाचे 14 निकाल अभ्यासावेच लागतात. दस्तऐवजांत राज्यघटना असणार, हे ओघानेच आले. मी थांबले ती दुसऱ्या दोन नावांपाशी. एक, 1787 साली 'ब्रूटस' या टोपणनावाने आलेला लेख. नवी घटना मंजूर करू नका, केंद्राच्या हाती फार सत्ता जाईल, असे तो सांगतो. ही बाजू हरली, तरी तिचे म्हणणे मुलांना वाचावे लागते. दुसरे, मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र. हरलेल्याचे आणि कैद्याचे म्हणणे अभ्यासक्रमात आहे, याचे मला अप्रूप वाटले.

त्या 14 निकालांत एक 'टिंकर' खटल्याचा आहे. डिसेंबर 1965 मध्ये डे मॉइन शहरात 13 वर्षांची मेरी बेथ टिंकर व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. शाळेने तिला घरी पाठवले. 1969 मध्ये न्यायालयाने सांगितले की, मूल शाळेच्या फाटकाशी आपला अभिव्यक्तीचा हक्क ठेवून आत येत नाही.

या निकालाने ज्यांचा आधार घेतला, त्यांत 1943 चा 'बार्नेट' खटला आहे. तो 14 च्या यादीत नाही, पण मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. 'जेहोवाज विटनेसेस' या लहानशा ख्रिस्ती पंथाची मुले झेंड्याला सलामी देत नसत. अशी सलामी त्यांच्या धर्मात बसत नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या दोन भावंडांना त्यापायी शाळेतून काढले. 1940 मध्ये न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर स्वतः ज्यू, म्हणजे अल्पसंख्याकच. त्यानंतर ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. तीनच वर्षांत, महायुद्ध ऐन भरात असताना, 14 जून 1943 रोजी त्याच न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी आपला निकाल फिरवला. आधी शाळेच्या बाजूने मत दिलेल्या तीन न्यायमूर्तींनी आता मुलांच्या बाजूने मत दिले. माणसाच्या श्रद्धेचा निवाडा मतमोजणीने होत नाही, असा त्या निकालाचा आशय.

याचा धागा आपल्यापर्यंत येतो. 1985 मध्ये केरळात याच पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढले. 11 ऑगस्ट 1986 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालपत्रात अमेरिकेच्या या खटल्यांची चर्चा आहे.

हे मी वर्गात सांगितले, तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, वो बच्चे अपने थे क्या?" प्रश्न निरागस होता, पण आपल्या समाजाची सवय त्यात उतरली होती. हक्क म्हटले की आधी 'अपने' आणि 'पराये' अशी विभागणी करायची. मी तिला म्हटले, "नहीं बेटा, अपने से भी बहुत कम थे." आपण आज ज्या कलमांचा आधार घेतो, त्यांना बळ देणाऱ्यांत आपल्याहून कितीतरी लहान जमातींची मुले आहेत.

आणि याच काळात आपल्या मोहल्ल्यांत काय चालले होते? माझ्या जन्माआधीची गोष्ट; घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेली. इंदूरच्या शाहबानोने पोटगी मागितली. एप्रिल 1985 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. आपल्यातूनच गदारोळ उठला. शेवटी त्या म्हाताऱ्या बाईने तो निकाल स्वतःच नाकारत असल्याचे जाहीर केले. बहुसंख्याकांपुढे आपण अल्पसंख्याक असतो. पण आपल्या घरात, जमातीत, बैठकीत आपणच बहुसंख्य असतो. तिथे वेगळे म्हणणारी एकटी बाई म्हणजे आपल्यातली ती गप्प उभी राहिलेली मुलगीच.

अमेरिकेची घटना निर्मळ होती, असे नाही. प्रतिनिधींच्या जागा ठरवताना मूळ घटनेने गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरले. बायकांना देशभर मताचा हक्क 1920 मध्ये मिळाला. मुलांना हेही शिकवले जाते. म्हणूनच मला वाटते की, शहरियत म्हणजे कलमांचे आकडे पाठ करणे नव्हे. वर्गातली एक मुलगी सगळ्यांहून वेगळे बोलली, तर तिला न हसता ऐकून घेणे, हा तिचा पहिला धडा. तो परीक्षेत येत नाही, पण शिकवावाच लागतो.