मांडणीचें कारण

आयफोनकरितां ॲप रचणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिला पडद्याचें चित्रच जुळवितो: बटन माउसनें उचलावें, ओढावें, हवें तेथें सोडावें. जाँ-मरी हुलो या फ्रेंच संशोधकाचें 'इंटरफेस बिल्डर' 1988 सालीं नेक्स्ट कंपनीच्या संगणकाबरोबर आलें. त्याच परंपरेंत ॲपलनें 2011 सालीं 'स्टोरीबोर्डा'ची भर घातली. दुसरा पंथ तीच मांडणी कोडच्या ओळींनीं लिहितो. पहिल्यांत आम्ही सुखानें नांदत होतों. पुढें दुसऱ्याची दीक्षा घेतली. तिचें फळ वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम ही विद्या रुक्ष भासते. साधें शीर्षक आणावयाचें, तरी तें निर्माण करावें, पडद्यास जोडावें, चौकटीवरून आपोआप होणारी जुनी मांडणी बंद करावी, आणि मग त्याची कोणती कड कशापासून किती अंतरावर, हें एकेक सांगावें. चित्रांत क्षणाचें असलेलें काम येथें दहा ओळींचें होतें.

परंतु त्या ओळी लिहितांना 'ही वस्तु येथेंच कां?' हा प्रश्न टाळतां येत नाहीं. वस्तूंमधले संबंध चित्रांतही जोडतां येतात, हें खरें. पण ते न जोडतांही चित्र पुरें दिसतें, आणि तेथेंच डोळा फसतो. इंग्रजी शीर्षकाच्या मापानें उंची ठरविलेली चौकट घ्या. तींत 'पूर्वसूचना' हा शब्द घातला, तर वरचा रफार किंवा खालचा उकार छाटला जाण्याचें भय असतें. मंद दृष्टीच्या वृद्धानें अक्षर मोठें केलें, कीं शब्दच अर्धा राहतो. कोडांत आम्ही उंचीची ओळच गाळतों. अक्षर फोनवरील निवडीप्रमाणें वाढावें आणि शीर्षकाच्या खालच्या कडेपासून आठ पॉइंटांवर पुढील परिच्छेद सुरू व्हावा, एवढेंच लिहितों. मग शब्द आपली उंची आपणच ठरवितो.

सहकाऱ्यांसही लाभ आहे. एकच पडदा दोघांनीं बदलला, तर स्टोरीबोर्डाच्या फाइलींतील यंत्रानें लिहिलेलें जंजाळ उलगडावें लागतें. कोडांत कोणी काय बदललें, तें सरळ वाचतां येतें.

चित्राचा पंथ यामुळें हलका ठरत नाहीं. नवशिक्यास तो धीर देतो. आणि 2019 सालीं आलेल्या 'स्विफ्टयूआय'नें तर कोडाशेजारींच चित्र उभें केलें. मात्र आमच्या हातांतील फोनवर पडदा सुबक दिसला, हें समाधान आम्हांस आतां पुरत नाहीं. तो ज्या अनोळखी हातांत जाणार, तेथील अक्षर केवढें असेल, याचा विचार करूनच ओळ लिहावी लागते.