पान भरेपर्यंत

वाट पाहणें हें मनुष्याच्या पांचवीलाच पुजलेलें आहे. परंतु हातांतील फोनवर वाट पाहण्याची जी नवी जात निर्माण झाली आहे, तिच्यापुढें जुन्या धीराचें कांहीं चालत नाहीं. टपालाच्या पत्रासाठीं आठ आठ दिवस स्वस्थ बसलेला गृहस्थ ॲप उघडण्यास पांच सेकंद लागले म्हणजे कपाळास आठ्या घालतो. आम्हीहि त्याच वर्गांतले. मात्र हा सर्वस्वी स्वभावाचा दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. जेकब नील्सन यांनीं १९९३ सालीं यासंबंधीं तीन मर्यादा सांगितल्या, त्या आजहि प्रमाण मानल्या जातात. सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत उत्तर आलें तर तें आपल्याच बोटानें घडलें असें वाटतें. एका सेकंदापर्यंत विचारांची सांखळी तुटत नाहीं. दहा सेकंदांपलीकडे मन दुसरीकडे निघून जातें.

उशीर अटळच असेल तर तो सुसह्य कसा करावा, हा खरा प्रश्न आहे. येथें आम्हांस पंगतीची आठवण होते. मंडळी जमली आणि पाट नाहींत, पानें नाहींत, नुसती मोकळी जमीन, तर भूक दुप्पट होते. पानें मांडलेलीं आहेत, मीठ-लिंबू वाढलेलें आहे, असें दिसलें कीं भात येण्यास अवकाश असला तरी कोणी उठून जात नाहीं. ॲपमध्यें मजकूर येण्यापूर्वीं करड्या पट्ट्यांचा जो सांगाडा दिसतो, तो या मांडलेल्या पानांसारखा. २०१३ सालीं ल्यूक व्रोब्लेव्स्की यांनीं त्यास ‘स्केलेटन स्क्रीन’ असें नांव दिलें. गरगर फिरणारें चक्र नुसतें ‘थांबा’ म्हणतें. सांगाडा येथें चित्र येईल, येथें ओळी येतील, एवढें तरी सांगतो.

पण मांडलेलें पान मग हलतां कामा नये. बातमी वाचीत असतां वरचें चित्र उशिरां येतें, ओळी एकदम खालीं ढकलल्या जातात, आणि बोट भलत्याच जाहिरातीवर पडतें, हा अनुभव कोणास नाहीं? जेवतां जेवतां कोणी पाट सरकवावा तसा हा प्रकार! गूगलनें २०२० सालीं या सरकण्याचें मापच ठरविलें, तें ०.१ किंवा त्याहून कमी असावें असा दंडक आहे. उपाय अगदीं साधा. चित्राची रुंदी-उंची आधींच सांगून तेवढी जागा राखून ठेवावयाची. खालचीं चित्रें वाचक त्यांच्याजवळ येऊं लागला म्हणजे आणावीं, हेंहि योग्यच. परंतु डोळ्यांसमोरचें पहिलें चित्रसुद्धां त्याच आळसानें आणणारे कारागीर आहेत, त्यांना काय म्हणावें!

हा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो शोभेसाठीं नव्हे. शहरांतल्या नव्या फोनवर जें ॲप लोण्यासारखें चालतें, तेंच जुन्या फोनवर, डोंगराआड, सिग्नलची एकच रेघ असतां अडखळतें. आणि तें बनविणाराच्या टेबलावर ही अडखळ दिसतच नाहीं. आमच्या वडील भगिनी कोंकणांत एकट्या राहतात. त्यांनीं एका ॲपवरून घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार पाठविला. कळ दाबली, पडद्यावर कांहींच हाललें नाहीं. त्यांनीं ती पुन्हां दाबली. पगार दोनदां गेला. बाईंनीं दुसरे दिवशीं जादा पैसे आणून दिले, पण ताईंनीं तें ॲप पुन्हां उघडलें नाहीं. आतां त्या लाइटच्या बिलासाठींहि रिक्षा करून जातात. दाबल्याबरोबर ती कळ फिकी पडून मिटली असती, तर पुढचें कांहींच घडतें ना. सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचें तें काम.

याच्या उलट टोंकाचीहि एक रीत आहे. भाच्याच्या फोटोवर आपण पसंतीचें बदाम उमटवितों, तें दूरच्या यंत्रानें मान्य करण्यापूर्वींच लाल होऊन दिसतें. नाकारलें गेलें तर मागाहून गुपचूप पुसलें जातें. फोटोच्या बाबतींत ही लबाडी गोड आहे. पैशांच्या बाबतींत मात्र आम्हांस ती मुळींच मान्य नाहीं. तेथें कळ तत्काळ मिटावी, ‘पाठवीत आहों’ असें स्वच्छ दिसावें, आणि रक्कम पोंचल्यावांचून ‘पोंचली’ म्हणूं नये. मग त्यास चार सेकंद अधिक लागले तरी ताईंची तक्रार नसेल.