सांध्यातला मुक्काम

गुडघ्यात सुईने दिलेलं प्रथिन तिथे फार काळ थांबत नाही. सांध्याच्या पोकळीतून लसीकावाहिन्या ते ओढून नेतात आणि काही तासांत त्यातलं बरंचसं निघून जातं. सूज मात्र महिनोन्‌महिने ठाण मांडून बसते. औषधाचे तास आणि आजाराचे महिने, यांतलं अंतर कमी करणं हे माझं काम. औषध शोधणारे वेगळे. आम्ही त्याच्या मुक्कामाची सोय करतो.

अनाकिन्रा हे प्रथिन घ्या. दाह भडकवणारा इंटरल्यूकिन-१ पेशीवर ज्या जागी येऊन बसतो, ती जागा ते आधीच अडवून ठेवतं. अमेरिकेत २००१ साली आमवातावर त्याच्या वापराला परवानगी मिळाली. पण रक्तातलं त्याचं प्रमाण चार ते सहा तासांत निम्म्यावर येतं, म्हणून रोज कातडीखाली टोचून घ्यावं लागतं. थेट गुडघ्यातच दिलं तर? झिजलेल्या गुडघ्यांवरच्या अशा चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. चार आठवड्यांनी पाहिलं तेव्हा, औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांपेक्षा अनाकिन्रा घेतलेल्यांना ठळक आराम पडलेला नव्हता. इतक्या लवकर निघून जाणाऱ्या प्रथिनाकडून महिनाभराच्या आरामाची अपेक्षा तरी कशी करायची?

इथे लायपोसोम कामी येतात. फॉस्फोलिपिड हे पेशीच्या आवरणातलं स्निग्ध द्रव्य पाण्यात पडलं की आपणहून दुहेरी पापुद्रे धरतं आणि त्यांच्या सूक्ष्म, पोकळ पिशव्या बनतात. केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथे अ‍ॅलेक बँगहॅम यांना त्या १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दिसल्या. ‘लायपोसोम’ हे नाव दिलं जेराल्ड वाइसमन यांनी, आणि ते स्वतः न्यूयॉर्कचे संधिरोगतज्ज्ञ होते. याचं मला फार अप्रूप वाटतं: सांध्यांशी या पिशव्यांचं नातं बारशापासूनचं आहे. १९७८ साली केंब्रिजच्या डिंगल आणि सहकाऱ्यांनी स्टेरॉइड भरलेले लायपोसोम सशांच्या सुजलेल्या सांध्यांत देऊन पाहिले. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत ज्या लायपोसोमल अँफोटेरिसिनसाठी महाराष्ट्रात नातेवाईक दुकानोदुकानी फिरले, तेही याच कुळातलं.

पण अँफोटेरिसिन आणि स्टेरॉइड हे लहान, चिवट रेणू. प्रथिनाची जात नाजूक. त्याची शक्ती त्याच्या घडीत असते. पैठणीसारखी घडी मोडली की वजन तेवढंच भरतं, पण मोल जातं. टिकाऊ भिंतीसाठी आम्ही डीपीपीसीसारखं फॉस्फोलिपिड घेतो, त्यात कोलेस्टेरॉल घालतो. हे लिपिड ४१ अंश सेल्सिअसच्या वर नेल्याशिवाय मऊ होत नाही, आणि पुष्कळ प्रथिनांना ऊब सोसत नाही. लिपिड विरघळवायला लागणारा क्लोरोफॉर्म तर प्रथिनांच्या जवळही आणायचा नाही. जोरात हलवलं की फेस येतो, आणि फेसाच्या प्रत्येक बुडबुड्यावर हवा-पाण्याच्या सीमेवर प्रथिन उलगडून पडतं. नव्या मुलांना मी पहिल्यांदा हेच सांगते: फेस दिसला की हात थांबवा.

ग्रेगोरिआडिस आणि कर्बी यांनी १९८४ साली मांडलेली पद्धत म्हणूनच मला प्रिय आहे. आधी रिकामे, लहान लायपोसोम करून घ्यायचे, जास्त उष्णतेचं काम तेव्हाच उरकायचं. मग त्यांत थंड प्रथिन मिसळायचं, मिश्रण गोठवून सुकवायचं आणि अगदी थोड्या पाण्याने पुन्हा भिजवायचं. सुकताना जवळ आलेले पापुद्रे भिजताना एकमेकांत मिसळतात आणि प्रथिन आत अडकतं. सुकण्याचा ताण सोसावा म्हणून ट्रेहॅलोजसारखी साखर घालता येते, पण तिचं प्रमाण बेतानेच; जास्त झाली तर तीच पापुद्र्यांना मिसळू देत नाही.

पुढचा प्रश्न आकाराचा. लहान लायपोसोम लसीकेतून निसटतात, मोठे सांध्यात अधिक काळ राहतात. पण सांध्याच्या अस्तरातल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. स्टेरॉइडला ते मानवतं, कारण त्याचं काम पेशीच्या आतच असतं. अनाकिन्राचं काम पेशीच्या बाहेर, पृष्ठभागावर चालतं. गिळलं गेलेलं वायाच. शिवाय इंटरल्यूकिनला रोखायला ते त्याच्या कित्येक पट लागतं, कारण थोड्या जागा मोकळ्या राहिल्या तरी दाह सुरू होतो. म्हणून पिशवी नुसती टिकून भागत नाही, ती बाहेरच्या द्रवात सतत झिरपतही राहायला हवी. इथे प्रत्येक प्रथिनाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

आमच्या क्षेत्रात ‘आत किती टक्के भरलं’ हा आकडा सगळ्यांत आधी विचारला जातो. मला तो अपुरा वाटतो. त्यातलं काही नुसतं बाहेरून चिकटलेलं असतं आणि सांध्यात शिरताच सुटून जातं. काही आत असतं, पण घडी मोडलेलं. खरा आकडा एकच: बाहेर पडल्यावर किती प्रथिन अजून काम करतं. तो काढायला वेळ लागतो, आणि पुष्कळदा तो मन मोडणारा असतो. तरी तोच आधी लिहावा, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगते.

दुखऱ्या गुडघ्याने हा लेख वाचणाऱ्यांना एक सांगायचं आहे. लायपोसोममधून सांध्यात द्यायचं प्रथिन अजून नेहमीच्या उपचारांत आलेलं नाही. बरंचसं काम प्राण्यांवरच्या प्रयोगांपर्यंतच पोहोचलंय. ‘नॅनो’ म्हणून कुणी महागडं इंजेक्शन पुढे केलं, तर ते माणसांवर कुठे तपासलं आणि काय दिसलं, हे जरूर विचारा. हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. तुम्हालाही तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.