चारशे चौऱ्याऐंशी

मिरजेत गाणं शिकणाऱ्या मुलीला तंबोरा वाजवण्याआधी तो तयार होताना बघायला मिळतो. तिचंही तसंच झालं. गाणं आवडीचं होतं, पण संगीताची लेखी परीक्षा मात्र पाठांतराची. गाईडमध्ये एक वाक्य होतं, एका थाटातून 484 राग होतात. का होतात, हे कोणी विचारत नसे. आकडा बरोबर लिहिला की गुण मिळत.

अकरावीत परम्युटेशन-कॉम्बिनेशन आलं आणि तो आकडा सुटा झाला. थाटात स्वर सात. रागात षड्ज सोडता येत नाही, म्हणजे वर्ज्य करायला उरले सहा स्वर. एकही सोडला नाही तर संपूर्ण, प्रकार एक. एक सोडला तर षाडव, प्रकार सहा. दोन सोडले तर औडव. सहांतला पहिला स्वर सहा तऱ्हांनी सोडता येतो, दुसरा पाच तऱ्हांनी, पण आधी म मग नी काय किंवा आधी नी मग म काय, जोडी तीच. म्हणून तिसाचे निम्मे, पंधरा. एक, सहा आणि पंधरा मिळून बावीस. आरोहाचे बावीस, अवरोहाचे बावीस, गुणाकार 484. रागाला निदान पाच स्वर हवेत, म्हणून हिशेब इथेच थांबतो. (पाचांहून कमी स्वरांत मालश्री गाणारे यावर हसतील, ते हसोत.)

पुस्तकातल्या उदाहरणांत लाल-निळे चेंडू होते, समित्या होत्या. तिच्या वहीत मात्र राग आले. म-नी सोडले की भूप, ग-नी सोडले की दुर्गा, रे-प सोडले की मालकंस, म-ध सोडले की हंसध्वनी. थाट वेगवेगळे, पण सोडायच्या जोड्या त्याच पंधरांतल्या. स्वर घेण्याचा हिशेब आणि स्वर सोडण्याचा हिशेब एकच असतो, हे तिला चेंडूंनी पटवलं नसतं. पुढे भाऊ टीव्हीसमोर पंधरांतून अकरा खेळाडू निवडत बसला की ती चार जण बाहेर बसवायची. उत्तर दोन्हीकडून 1365.

एमएस्सीच्या वर्षांत ‘लीलावती’ हाती आली. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ 1150 सालचा. त्यात राजवाड्याच्या आठ दारांचं एक गणित आहे. एक, दोन, तीन अशी दारं उघडी ठेवायची, तर एकूण तऱ्हा किती? 255. लगेच दुसरं गणित सहा रसांचं. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांतून एकेक, दोन-दोन, तीन-तीन घेत पदार्थ किती प्रकारचे होतील? रीत सोपी आहे. वर 6, 5, 4, 3, 2, 1 मांडायचे, खाली 1, 2, 3, 4, 5, 6, आणि गुणत-भागत जायचं. 6 येतात, मग 15, 20, 15, 6, 1, बेरीज 63. चरकसंहितेत रसांचे त्रेसष्ट भेद भास्कराचार्यांच्या कितीतरी आधी मोजलेले आहेत. तिला मात्र आनंद झाला तो दुसऱ्या पायरीवरचा पंधरा बघून. तिचे औडव राग इथे चवी होऊन बसले होते.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ स्थापला. तिथला 1207 चा शिलालेख त्याची साक्ष देतो. मिरजेपासून पाटण लांब खरं, पण महाराष्ट्रातलंच. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता ती कॉलेजात गणित शिकवते, संध्याकाळी गाणं. गाण्याला येणारा एक दृष्टिहीन मुलगा ब्रेलमध्ये चिजा उतरवून घेतो. ब्रेलच्या एका घरात ठिपके सहा, त्यातला निदान एक उठलेला धरला तर आकृत्या पुन्हा 63. लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवायचा आणि त्याने या ठिपक्यांत संगीतलेखनही बसवलं.

त्या 484 वर मात्र तिचा पूर्वीचा विश्वास राहिलेला नाही. म आणि प दोन्ही एकाच वेळी वर्ज्य करू नयेत असा नियम त्याच गाईडात आहे. आरोहात नाहीत आणि अवरोहातही नाहीत असं एक रूप मोजणीत घुसलेलं आहे. ते काढलं की राहतात 483. दहा थाटांचे 4840 हे तर आणखी कच्चं. कल्याण आणि बिलावल यांत फरक फक्त मध्यमाचा. तोच आरोह-अवरोहातून सोडला तर दोन्हीकडे तेच स्वर उरतात, आणि अशी 36 रूपं दोनदा मोजली जातात. त्यातलंच एक सा रे ग प ध. गंमत अशी, की हे स्वर घेऊन कल्याणात भूप आहे आणि बिलावलात देशकार. एकाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, दुसऱ्याचा धैवत. मोजणीने दोनदा धरलं आणि गवयांनीही दोन राग मानले, पण कारणं अगदी निराळी. वादी, चलन, न्यास यांची दखल घ्यायची सोयच त्या बाविसांत नाही.

संगीताची गाईडं छापणाऱ्यांनी 484 च्या शेजारी निदान 1 + 6 + 15 एवढं तरी छापावं, आणि परीक्षकांनी आकड्याऐवजी भूप आणि देशकार यांतला फरक विचारावा.