कृपा आणि नवस

प्रस्तुत लेखनाला शोधनिबंध म्हणता येणार नाही. वर्गात विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी टाळले, आणि ते टाळल्याची बोच मनात राहिली. तिची फेड करावी, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

एम. ए.च्या वर्गात लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' शिकवीत होते. तास संपता संपता एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले. पहिला असा, की संतवाङ्मयातील 'कृपा' आणि ख्रिस्ती वाङ्मयातील 'कृपा' हा एकच शब्द आहे की दोन? या प्रश्नाला मी अध्यापकाला शोभेल असे उत्तर दिले. दुसरा प्रश्न तिने जरा चाचरत विचारला. "मॅडम, एवढी प्रार्थना करूनही हवे ते मिळाले नाही, तर ही माणसे विश्वास कशावर ठेवतात?" त्यावर 'हा प्रश्न साहित्याचा नसून श्रद्धेचा आहे' असे म्हणून मी पुस्तक मिटले. हे उत्तर खोटे होते. तो प्रश्न साहित्याचाही होता, आणि त्याहून अधिक माझा स्वतःचा होता.

प्रथम शब्दाविषयी. मराठीत ख्रिस्ती भाव व्यक्त करू पाहणाऱ्या लेखकाला आरंभापासूनच भक्तिपरंपरेच्या भांडारातून शब्द घ्यावे लागले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथासाठी त्याने पुराणाचा घाट आणि ओवीचा छंद स्वीकारला, तेव्हा त्या छंदाबरोबर त्यातील शब्दांचे संस्कारही आपोआपच आले. 'कृपा' हा त्यांपैकीच एक शब्द. त्याहून जुना शब्द हवा असेल तर 'पसाय' आहे. तो 'प्रसाद' या शब्दापासून आला, आणि प्रसाद म्हणजे मूळ अर्थाने देवाची प्रसन्नता. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेकाठी नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा तिच्या शेवटी ज्ञानदेवांनी जे मागितले त्याला मराठी मन आजही 'पसायदान' म्हणते. माझे गाव नेवाशापासून फार दूर नाही. आमच्या घरी बायबल वाचले जाई, आणि शाळेत इतर मुलांबरोबर पसायदान म्हटले जाई. या दोहोंत काही विसंगती आहे असे मला लहानपणी कधी वाटले नाही.

ख्रिस्ती विचारात कृपेचा अर्थ एका बाजूने फार काटेकोर आहे. जी कमावता येत नाही, जिच्यावर पुण्याईचा हक्क सांगता येत नाही, ती कृपा. पौलाच्या पत्रांतून हा विचार सर्वांत स्पष्टपणे येतो. परंतु तो केवळ ख्रिस्ती आहे असे म्हणणे संतांवर अन्याय करणारे ठरेल. आपल्या पदरी काही नाही आणि देवाने तरीही आपल्याला जवळ केले, ही जाणीव अभंगांतून पदोपदी भेटते. नवसासायासांवर तुकोबांनी केलेली टीकाही सर्वश्रुत आहे. त्यामुळे मला असे वाटू लागले आहे, की खरी सीमारेषा दोन धर्मांमधून जात नाही. ती प्रार्थना करणाऱ्या प्रत्येक मनातून जाते. तिच्या एका बाजूला नवस आहे आणि दुसऱ्या बाजूला कृपा.

हे मला ग्रंथांनी शिकवले नाही. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि आमच्या मंडळीचे वडीलही होते. रोज रात्री जेवणापूर्वी ते प्रार्थना करीत. तीत पावसापाण्यापासून शाळेतल्या गैरहजर मुलांपर्यंत सर्वांची नावे येत, आणि भाकरी गार होई. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. समजत सर्व होते, पण शब्द उमटत नव्हता. सहा महिन्यांत थोडी वाचा परत येऊ शकेल, असे डॉक्टरांनी सांगितले.

त्या सहा महिन्यांत मी जेवढी प्रार्थना केली तेवढी आयुष्यात कधी केली नव्हती. आता मागे वळून पाहताना दिसते, की ती प्रार्थना नव्हतीच, तो नवस होता. बाबा बोलू लागले तर मी एकही रविवार उपासना चुकवणार नाही, पगाराचा दशांश नेमाने देईन, लहान बहिणीशी धरलेला अबोला सोडीन, अशी कलमे मी देवापुढे मांडीत होते. नारळ, खण, पायी वारी यांपैकी काहीच आमच्या घरी नव्हते, म्हणून त्याला नवस म्हणण्याचे मला सुचले नाही, एवढेच. येथे एक खुलासा करायला हवा. नवस बोलणाऱ्या माणसाची थट्टा करण्याचा माझा उद्देश नाही. आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई नवस बोलते ती अगतिकतेतून, व्यापारबुद्धीने नव्हे. परंतु नवसाची भाषा मात्र कराराचीच राहते, आणि कराराला दुसरी बाजू असते. सातव्या महिन्यातही बाबांना वाचा आली नाही तेव्हा, समोरच्या पक्षाने शब्द पाळला नाही अशी तक्रार करण्याचा हक्क मला मिळाला. मी उपासनेला जाणे बंद केले.

लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोन माणसांचा दृष्टान्त आहे. एक परूशी, दुसरा जकातदार. परूशी आठवड्यातले दोन उपास आणि उत्पन्नाचा दशांश देवाला मोजून दाखवतो. जकातदार दूर उभा राहून केवळ दया मागतो, आणि देवापुढे निर्दोष ठरतो तो जकातदारच. लहानपणापासून ऐकलेला हा दृष्टान्त त्या दिवसांत पुन्हा वाचताना 'दशांश' या शब्दाशी माझी नजर अडखळली. माझ्या यादीतही तो होता. फरक इतकाच, की परूशी दिलेल्याचा हिशेब सांगत होता आणि मी द्यायच्याचा.

याच सुमारास अध्यापनाच्या निमित्ताने पंडिता रमाबाईंचे चरित्र मी नव्याने वाचीत होते. रमाबाईंचे माता-पिता विद्वान, धर्मनिष्ठ आणि तीर्थयात्री. १८७० च्या दशकातील दुष्काळात, असलेले द्रव्य देवाब्राह्मणांना अर्पण करून, उपास आणि पारायणे करीत हे कुटुंब अन्नान्नदशेला पोहोचले, आणि त्यातच रमाबाईंचे आईवडील गेले. पुण्य साठवूनही पदरी काही पडत नाही, हा अनुभव त्यांनी कोवळ्या वयात घेतला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला अजून गवसलेला नाही. म्हणजे धर्मांतरानंतरही जुना हिशेब मनात चालूच होता, फक्त चोपडी बदलली होती. स्वतःविषयी इतके कठोर निदान करणारी साक्ष आपल्याकडे विरळाच आढळते. कृपेचा बोध त्यांना झाला तो या दुसऱ्या टप्प्यावर.

पुढे केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये त्यांनी जो मार्ग धरला त्यामागे ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचा आदर्श होता. कोणापुढे याचना न करता केवळ प्रार्थनेच्या भरवशावर त्याने अनाथालये चालवली होती. परंतु रमाबाईंचा भरवसा हात बांधून बसणारा नव्हता. केडगावच्या कोरड्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, शेती उभी राहिली, विणकाम आणि छापखाना सुरू झाला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी जे घर बांधले त्याचे नाव 'कृपासदन'. ज्यांच्यापाशी देवापुढे मांडायला पुण्याचा एक कणही नाही असे जग समजत होते, त्यांच्या निवाऱ्याला हे नाव देणे, हे मला मराठीतील 'कृपा' या शब्दाचे सर्वांत नेमके भाष्य वाटते.

त्याच रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. शेकडो अनाथांच्या भाकरीसाठी केलेली प्रार्थना ऐकली गेली असे जिला वाटत होते, तिच्या डोळ्यांदेखत तिचे स्वतःचे अपत्य गेले. रमाबाई त्यानंतर बायबलच्या मराठी भाषांतराचे हाती घेतलेले काम पुरे करीत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या सुमारे साडेआठ महिन्यांत त्यांच्या प्रार्थनेत काय होते हे कोण सांगणार? पण करार मोडला म्हणून त्या कामावरून उठल्या नाहीत, एवढे त्या ग्रंथाकडे पाहून म्हणता येते.

लक्ष्मीबाईंचा मार्ग वेगळा. त्यांचे बालपण वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याओवळ्यात गेले. सोवळे म्हणजे क्षणोक्षणी कमवायची आणि क्षणात गमवायची शुद्धता. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांत त्या विरहातून, अपमानातून आणि स्वतःशी चाललेल्या झगड्यातून पायरी पायरीने चालत आल्या. 'स्मृतिचित्रे'मध्ये कृपेची व्याख्या शोधू जाल तर निराश व्हाल. ती त्या पुस्तकाच्या सुरात आहे. स्वतःच्या फजितीवर त्या जशा हसतात, तशी मोकळीक ज्याला आपली शुद्धता सिद्ध करायची नाही अशाच माणसाला लाभते. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. शालेय शिक्षण नसलेल्या या बाईने ते महाकाव्य पुढे नेले. हेही सोवळ्याच्या हिशेबात न बसणारेच धैर्य आहे.

मग मागूच नये का? तसे नाही. गेथशेमाने बागेत ख्रिस्त स्वतः मागतो. दुःखाचा प्याला टळावा असे तो स्पष्ट म्हणतो, आणि त्यानंतर पित्याच्या इच्छेवर सोपवतो. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी मागणे, मग सोपवणे. मागण्याआधीच सोपवणारा कदाचित आपली इच्छा लपवीत असतो, आणि मागूनही न सोपवणारा नवस बोलत असतो. पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. त्याला उत्तर मिळाले ते एवढेच, की कृपा पुरेशी आहे. मागितलेली वस्तू म्हणजे कृपा, अशी माझी समजूत होती. पौलाच्या अनुभवात ती वस्तू नाकारली गेली त्याच ठिकाणी कृपा उभी आहे.

बाबांकडे पुन्हा वळते. आजारानंतरही जेवणापूर्वीची प्रार्थना त्यांचीच राहावी, असे आईने ठरवले होते. ताटे वाढली जात, बाबा डोळे मिटत, डावा तळहात गुडघ्यावर उघडा ठेवीत, आणि आम्ही सारे थांबत असू. ओठ हलत नसत. ते डोळे उघडीत तेव्हा आई 'आमेन' म्हणे. प्रथम मला त्या स्तब्धतेचा राग येई. जो मनुष्य रोज देवाशी बोलला त्याचीच वाचा देवाने न्यावी, आणि त्याने पुन्हा त्याच्यापुढेच हात पसरावा, हे मला सहन होत नसे. एके दिवशी मात्र त्या हाताकडे पाहत राहिले. तो काही देत नव्हता आणि काही धरूनही ठेवीत नव्हता. आपण कसे मागावे हेही आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्माच शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. त्या दिवशी ते मला प्रथमच कळले. मी शब्दांवर शब्द रचीत होते आणि प्रार्थना माझ्यासमोर निःशब्द बसली होती.

अकराव्या महिन्यात बाबा गेले. वाचा शेवटपर्यंत आली नाही. मला कसला दृष्टान्त झाला नाही, की शोकही हलका झाला नाही. मात्र बहिणीशी मी बोलू लागले, आणि त्याच्या बदल्यात काही मिळायचे उरले नव्हते. ती माझ्या यादीतली एकमेव गोष्ट, जी नवसातून सुटून मोकळी झाली.

त्या विद्यार्थिनीला आज मी काय सांगेन? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेच राहील. शब्द एकच आहे, त्याची घराणी निराळी आहेत, आणि त्यांचे येणेजाणे जुने आहे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र पुस्तक मिटणार नाही. सांगेन, की ही माणसे मिळण्यावर विश्वास ठेवीत नाहीत, देणाऱ्यावर ठेवतात. आणि तसा विश्वास ठेवणे सोपे आहे असे मला वाटते का, असे तिने पुढे विचारले, तर नाही म्हणेन. आमच्या घरी आता ताटे वाढल्यावर प्रार्थना मी करते. ती लांबत नाही. शेवटी थोडा वेळ आम्ही सारे गप्प बसतो, आणि मग आई 'आमेन' म्हणते.